बेडला लावायची क्रिब, पाळणा की झोळी? आधी टेप घेऊन बेड मोजा

मावसबहिणीला सातवा लागला आणि तिने मला बेडसाइड क्रिबची एक लिंक पाठवली. खाली एवढंच, 'घेऊ का?' मी विचारलं, बाळंतपण कुठे? म्हणाली, नाशिकला, आईकडे, तीन महिने. आणि क्रिब मागवणार होती ठाण्याच्या पत्त्यावर!

गंमत नाही, हिशेब इथेच चुकतो. ही क्रिब म्हणजे तीन बाजूंना जाळी, चौथी बाजू चेन उघडून खाली पाडायची आणि पट्ट्यांनी आपल्या बेडला आवळून बांधायची. बाळ हाताच्या अंतरावर, पण गादी त्याची स्वतंत्र. मात्र ते हातापायांवर उठू लागलं की तिचा उपयोग संपला, म्हणजे साधारण पाच-सहा महिने. बऱ्याच मॉडेलना वजनाची मर्यादाही ९ किलोच्या आसपास असते. त्यातले तीन महिने माहेरी गेले तर ठाण्यात उरले किती?

दुसरी गोष्ट बेडची. लिंकवरच्या फोटोत बेडला पाय असतात आणि क्रिबचे पाय त्याखाली छान सरकलेले दिसतात. आपल्याकडे बऱ्याच घरांत स्टोरेजचा बेड, प्लाय थेट जमिनीपर्यंत. माझी क्रिब आली तेव्हा तिचे पाय बेडला आपटून थांबले आणि दोन गाद्यांमध्ये वीतभर फट राहिली. ही फट म्हणजे क्रिब नसण्यापेक्षा वाईट, कारण बाळ सरकून नेमकं तिथेच अडकू शकतं. उशी किंवा गुंडाळलेली चादर कोंबून ती बुजवायची नाही. मी मुकाट चेन लावून बाजू बंद केली आणि पाच महिने ती साधी खाट म्हणून वापरली. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला, तो राग वेगळा.

म्हणून टेप घ्या. बेडखाली मोकळी जागा आहे का? जमिनीपासून तुमच्या गादीपर्यंतची उंची किती, आणि क्रिब तेवढी वरखाली होते का? दोन्ही गाद्या एका पातळीत आणि चिकटून हव्यात. मग खोली. १० फुटांच्या खोलीत ६ फुटांचा बेड मधोमध असेल तर दोन्हीकडे २-२ फूट उरतात. एका बाजूला क्रिब लावली की ती वाट संपली आणि कपाटाचं दारही अडकलं. बेड भिंतीला सरकवला तर रात्री पाणी प्यायला उठणारा नवरा तुमच्या अंगावरून जाणार. सिझरचे टाके असताना हे लक्षात ठेवा.

हे सगळं जुळत असेल तर मात्र बेडसाइड क्रिबला तोड नाही, विशेषतः सिझर झालं असेल तर. रात्री दर दोन-तीन तासांनी पाजायचं असतं. कुशीवर वळून बाळ ओढून घ्यायचं, पाजून झालं की परत ठेवायचं. उभं राहायची गरज नाही. चिकोसारख्या परदेशी ब्रँडला पाचआकडी रक्कम मोजावी लागते, देशी ब्रँड बरेच स्वस्त मिळतात. मी किमतीपेक्षा पट्टे आणि गादीचा कडकपणा बघेन. डोक्याकडची बाजू उंच करायची सोय असेल तर तिच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. त्याने दूध वर येणं थांबत नाही, आणि बाळ घसरत खाली येऊन त्याची मान दुमडू शकते.

मच्छरदाणीचा विचार कुणीच करत नाही. क्रिबवर टाकायची छोटी मच्छरदाणी बाजू बंद असतानाच उपयोगाची. बाजू उघडी ठेवायची तर मोठ्या मच्छरदाणीत बेड आणि क्रिब दोन्ही बसायला हवेत, आणि बेडच्या मापाची मच्छरदाणी तिथे दोन फूट कमी पडते.

लाकडी पाळणा बारशाला कुणाकडून तरी येतोच. दिवसा, हॉलमध्ये, आजी शेजारी असताना उत्तम. गजांमधून कोल्ड्रिंकचा कॅन आरपार गेला तर गज फार लांब लांब आहेत, तो पाळणा सजावटीपुरता ठेवा. रात्री मात्र उठून वाकावं लागतं. पाळणा हलायचा थांबला की रडू सुरू, हाही अनुभव घ्याल.

झोळीवर घरात वाद होणार. 'आम्ही सगळे झोळीतच वाढलो' हे खरंच आहे, पण तेव्हा दोरी धरून कुणीतरी सतत बसलेलं असायचं. झोळीत पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते, आणि मान न धरणाऱ्या बाळाची श्वासाची वाट अरुंद होते. त्यामुळे कुणी समोर असेल तेवढा वेळच, आणि झोप लागली की सपाट गादीवर.

आणि आपलाच बेड? अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सच्या २०२२ च्या सूचना सांगतात की निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या, सपाट, कडक गादीवर, उताणं झोपवावं. जवळ उशी नको, मऊ पांघरूण नको. म्हणजे राईची उशी आणि आजीची गोधडीही झोपेच्या वेळी बाहेर. पाजता पाजता डोळा लागतो, हे मी नाकारणार नाही. पण सोफ्यावर बाळाला घेऊन पेंगणं बेडपेक्षाही धोक्याचं, तेवढं टाळाच.

जन्माआधी काही आणायचं नाही असं घरात असेल तर वाद घालू नका. मापं आता घ्या, मॉडेल ठरवा, ऑर्डर बाळ झाल्यावर टाका.

मावसबहिणीने काल नाशिकच्या बेडचा फोटो पाठवला. जुना शिसवी, चांगले फूटभर उंच पाय. क्रिब तिथेच येणार आहे. ठाण्यात परतल्यावर पुढचं बघू, कारण तिथला बेड स्टोरेजचा आहे.