वॉली वेस्टच्या ‘फ्लॅश’चा जाडा संग्रह: आठ महिन्यांनंतर

फ्लॅश हा डीसी कॉमिक्सचा प्रचंड वेगाने धावणारा सुपरहिरो. वॉली वेस्ट फ्लॅश असतानाचे मासिक अंक या एका पुस्तकात बांधले आहेत. आठवा महिना संपता संपता 74 ते 79 या अंकांची पानं शिवणीतून सुटली. पार्सल आलं तेव्हाच कणा एका कोपऱ्यात चेपलेला होता. एवढं वजनदार पुस्तक विक्रेत्याने पातळ पिशवीत घालून पाठवलं होतं. त्याच दिवशी परत करायला हवं होतं, पण वाचायची घाई नडली.

आता तक्रार केली तर उत्तर आलं, ही प्रत शिल्लक नाही, त्याच किमतीचा दुसरा फ्लॅश पाठवतो. फोटो पाहिला तर वॉलीच्या आधीच्या फ्लॅशचा, बॅरी ॲलनचा संग्रह! नको म्हटलं. “मॅडम, फ्लॅशच आहे ना, ड्रेसपण तोच.” ड्रेससुद्धा तोच नाही. वॉलीच्या डोळ्यांवर पांढऱ्या काचा असतात आणि त्याच्या पट्ट्यावरची वीज मधोमध टोकदार होते. पण माझं डोकं फिरलं ते ‘फ्लॅशच आहे ना’ या शब्दांनी.

खरं तर पुस्तक घेतलं तेव्हा मीही बॅरीच्याच बाजूची होते. 1956 पासूनचा बॅरी 1985 मध्ये जग वाचवताना मेला आणि त्याच्या बायकोचा भाचा वॉली, 1959 पासूनचा त्याचा छोटा साथीदार किड फ्लॅश, त्याच्या जागी आला. हा संग्रह 1992 च्या 62 व्या अंकापासून, म्हणजे मार्क वेडने लेखन हाती घेतलं तिथून सुरू होतो. पहिले दोन महिने मी तो ‘बदली माणसाची गोष्ट’ म्हणूनच वाचला. बरा वाटला, इतकंच.

मग 74 ते 79 आले. बॅरी परत येतो. वॉलीला आनंद होतो. पुढे कळतं की हा बॅरी नाहीच, भविष्यातून आलेला त्याचा शत्रू थॉन आहे. पण मी हलले ते वेगळ्याच जागी. वॉली पूर्ण वेगाने धावू शकत नसतो, कारण आपण बॅरीच्या बरोबरीला पोचलो तर बॅरीची जागा खरोखरच घेतल्यासारखं होईल, ही भीती त्याच्या मनात खोल बसलेली असते. माझी अडचण हीच होती. वॉली मनापासून आवडू द्यायचा म्हणजे बॅरी गेला हे कबूल करायचं. हे अंक मी चार वेळा वाचले. त्यानंतर वॉली माझा झाला.

कागद गुळगुळीत, छपाई स्वच्छ, वजन इतकं की झोपून वाचता येत नाही. त्याचं काही नाही. माझी खरी तक्रार वाचकांच्या पत्रांबद्दल आहे. तेव्हाच्या मासिक अंकांत शेवटी वाचकांची पत्रं छापत. संग्रहात ती नाहीत. मी सहा अंक एका बैठकीत संपवले. 1993 मध्ये लोक ते महिन्यामहिन्याने वाचत होते. बॅरी खरंच परत आला, असं समजून कितीजणांनी लिहिलं असेल? कोणाला वॉलीची जागा जाणार म्हणून वाईट वाटलं असेल? मुखपृष्ठांच्या चित्रांना जागा आहे आणि या माणसांना नाही, हे मला मुळीच पटत नाही. एरवी मी एकच गोष्ट दोनदा विकत घेत नाही, पण त्या पत्रांसाठी जुने सुटे अंक शोधायला लागले आहे. सहापैकी दोन मिळाले.

2009 मध्ये बॅरी मालिकेचा नायक म्हणून परतला, 2011 मध्ये डीसीने मालिका नव्याने सुरू केल्या त्यात वॉली गायबच झाला आणि 2016 मध्ये परत आला तो बॅरीला त्याची आठवण झाली म्हणून. ती मधली पाच वर्षं त्याच्या वाचकांनी कशी काढली असतील, हे आता कळतं. दुकानात फ्लॅश तर मिळतच होता.

विक्रेता अखेर पैसे परत द्यायला तयार झाला, पण पुस्तक परत पाठवायच्या अटीवर. पाठवलं नाही. बाइंडर म्हणाला, पुन्हा शिवलं तर आतला समास खाल्ला जाईल आणि दोन पानांवर पसरलेली चित्रं मध्ये तुटतील. म्हणून ती पानं प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून पुस्तकाशेजारीच ठेवली आहेत. घेणार असाल तर पार्सल उघडल्याबरोबर आधी कणा बघा.