लळिंगचे कुरण की पाटणादेवीचे जंगल?

धावण्यासाठी रम्य वाट शोधणाऱ्या खान्देशकरांपुढे हे दोन पर्याय ठळकपणे येतात. लळिंग धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने जेमतेम दहा किलोमीटरवर असल्याने रोजच्या सरावाला सोयीचे आहे. किल्ल्याच्या परिसरातील या कुरणात लांडोर बंगला आहे, तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मुक्काम झाला होता आणि त्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला अनुयायी जमतात, त्यामुळे त्या दिवशी धावण्याचा बेत आखू नये. येथील चढ दमवणारे आहेत, सावली मात्र विरळ. चैत्र-वैशाखात ऊन चढण्यापूर्वीच परतलेले बरे.

पाटणादेवीची गोष्ट वेगळी आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात, डोंगरांच्या कुशीत चंडिकेचे मंदिर आहे आणि जवळच महादेवाचे कोरीव दगडी प्राचीन मंदिर उभे आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इ. स. १२०७ मध्ये येथे मठ स्थापल्याचा शिलालेख सापडला आहे. धावता धावता एवढा इतिहास क्वचितच भेटतो. पावसाळ्यात ओढे भरून वाहतात आणि शेवाळलेल्या दगडांवर पाय घसरतो, म्हणून खोलवर पकड असलेले बूट हवेत. बिबट्याचा वावर असल्याने एकट्याने आणि झुंजुमुंजू असताना जाऊ नये, वनविभागाची वेळ व परवानगी पाळावी.

नेहमीच्या सरावासाठी मी लळिंगच सुचवीन. परंतु सुट्टीच्या दिवशी, सोबत असेल तर, श्रावणातल्या पाटणादेवीला तोड नाही.