आयकॉम आयसी-7300 : तीव्र सिग्नलांपुढे रिसीव्हर कितपत टिकतो

आयकॉमचा आयसी-7300 हा हौशी रेडिओ (हॅम) चालकांचा, सिग्नल पाठवणारा आणि ऐकणारा संच. 2016 साली बाजारात आलेल्या या संचाच्या स्पर्शपडद्याचे आणि त्यावरील स्पेक्ट्रम स्कोपचे (बँडवरील सिग्नलांच्या चित्राचे) कौतुक पुष्कळ झाले आहे. त्यात भर न घालता हे परीक्षण एकाच प्रश्नापुरते ठेवतो : बँडवर (वारंवारतेच्या पट्ट्यात) तीव्र सिग्नलांची गर्दी असताना या संचाचा रिसीव्हर काय करतो, आणि गेन (सिग्नलाची वाढ) आवरण्यासाठी त्याने दिलेली साधने कितपत उपयोगी पडतात?

या संचाची रचना मिक्सरने सिग्नलाची वारंवारता बदलून घेणाऱ्या जुन्या सुपरहेटरोडाइनपेक्षा वेगळी आहे. अँटेनाकडून येणारा सिग्नल 15 बँडपास (ठरावीक पट्टाच आत सोडणाऱ्या) फिल्टरांपैकी एकातून जातो आणि मिक्सर वगैरे काही न लागता थेट 14 बिटांच्या एडीसीपर्यंत (सिग्नलाचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागापर्यंत) पोहोचतो. आपण 500 हर्ट्झचा फिल्टर लावून सीडब्ल्यू (मोर्स) ऐकत असलो, तरी तो फिल्टर गणिती आहे आणि एडीसीच्या नंतर येतो. एडीसीला मात्र बँडपास फिल्टरमधून आत आलेल्या सगळ्याच सिग्नलांची बेरीज पेलावी लागते. एस-मीटर (सिग्नलाची तीव्रता दाखवणारा) आणि एजीसी (गेन आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा) हेही ऐकल्या जाणाऱ्या सिग्नलाचाच हिशेब ठेवतात. त्यामुळे मीटरचा काटा एस-3 वर निवांत असताना एडीसी काठोकाठ भरलेला असणे शक्य आहे, आणि नव्या वापरकर्त्यांचा घोळ बहुधा इथेच होतो.

हे कळावे म्हणून पडद्यावर ‘ओव्हीएफ’ (ओव्हरफ्लो) ही सूचना दिली आहे. माझ्या मते या संचातील सर्वांत मोलाची अक्षरे हीच. संध्याकाळी 40 मीटर बँडवर (7 मेगाहर्ट्झच्या आसपास) पूर्ण आकाराची अँटेना आणि दोनपैकी दुसरा प्रीॲम्प (सिग्नल आधीच वाढवणारा वर्धक) लावून पाहावे. 7.2 मेगाहर्ट्झच्या वर शक्तिशाली प्रसारण केंद्रे असतात आणि ती त्याच बँडपास फिल्टरमधून आत शिरतात. सूचना लुकलुकू लागते, स्कोपचा तळ उचलला जातो आणि जिथे कोणीच नाही तिथेही रेषा उमटू लागतात. ॲनालॉग मिक्सर भार वाढेल तसा हळूहळू बिघडत जातो. एडीसी मात्र मर्यादेच्या आत बराच स्वच्छ राहतो आणि मर्यादा ओलांडली की एकदम कोलमडतो. म्हणूनच ॲटेन्युएशन (सिग्नल मुद्दाम क्षीण करणे) 10 डेसिबेलने वाढवले की तिसऱ्या क्रमाचे इंटरमॉड्युलेशन (सिग्नल एकमेकांत मिसळून उपजणारे खोटे सिग्नल) 30 डेसिबेलने घटते हा जुना नियम इथे तंतोतंत लागू होत नाही.

मग वाढीव गेन मुळात हवा कशाला? 7 मेगाहर्ट्झवर चांगल्या अँटेनातून येणारा वातावरणीय गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा कितीतरी जास्त असतो. खात्री करणे सोपे आहे. अँटेना काढून डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा रोधक) लावावा; गोंगाट ठळकपणे खाली आला, तर संवेदनशीलता पुरेशी आहे आणि प्रीॲम्पने केवळ गोंगाटच मोठा होतो. माझा संच 10 मेगाहर्ट्झच्या खाली प्रीॲम्पविनाच चालतो. 28 आणि 50 मेगाहर्ट्झवर, बँड शांत असताना, दुसऱ्या प्रीॲम्पचा खरा उपयोग होतो.

ॲटेन्युएटरबाबत मात्र हात आखडता घेतला आहे. 20 डेसिबेलची एकच पायरी आहे आणि प्रीॲम्पचेच बटण दाबून धरल्यावर ती लागते. एका एस-युनिटला 6 डेसिबेल या हिशेबाने ती तीन युनिटांहून थोडी अधिक होते (प्रत्यक्ष मीटर त्या हिशेबाने चालेलच असे नाही). 6 आणि 12 डेसिबेलच्या पायऱ्या असत्या तर अधिक बरे झाले असते. ही उणीव आरएफ गेनची गुंडी भरून काढते, कारण ती डावीकडे फिरवत नेली की ओव्हीएफ विझते. गेन कमी केल्यावर एस-मीटर वर सरकतो, तो दोष नव्हे. मीटर जिथे थांबतो त्या पातळीखालच्या सिग्नलांना एजीसी आता हात लावणार नाही, एवढेच तो सांगत असतो. एफटी-8 वर (15 सेकंदांच्या पाळ्यांत चालणाऱ्या डिजिटल प्रकारात) याचा फार फायदा होतो. 3 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एखादे जवळचे केंद्र जोरात आले की एजीसी गेन खाली ओढते आणि क्षीण केंद्रे त्या 15 सेकंदांपुरती बुडतात. गेन आधीच उतरवलेला असेल, तर ही ओढाताण बरीच थांबते.

‘आयपी प्लस’ हा पर्याय एडीसीची विकृती कमी करतो आणि त्या बदल्यात संवेदनशीलता किंचित घटवतो. खालच्या बँडांवर हा सौदा जवळजवळ फुकट पडतो, तेव्हा तिथे तो चालू ठेवायला हरकत नाही. 50 मेगाहर्ट्झवर मी तो बंद करतो. पण ओव्हीएफ लागलेले असताना त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये. भरून वाहणाऱ्या एडीसीला तो वाचवू शकत नाही.

एजीसीचा कालावधी बदलता येतो आणि ती पूर्ण बंदही करता येते. मात्र हेडफोन लावून ती बंद करायची असल्यास आधी आरएफ गेन बराच खाली आणावा, नाहीतर शेजारचे केंद्र थेट कानठळ्या बसवते.

एकाच आवारात अनेक प्रक्षेपक चालणाऱ्या स्पर्धा-केंद्रांना एवढे पुरणार नाही. तिथे बाहेरून जास्तीचे बँडपास फिल्टर लागतातच, आणि इथे या संचाची एक मर्यादा आडवी येते : अँटेनासाठी सॉकेट एकच आहे, ऐकण्याची अँटेना वेगळी जोडता येत नाही. तेव्हा बाहेरचा फिल्टर 100 वॉट सोसणारा हवा, आणि ऐकण्यापुरता बनवलेला लहान ॲटेन्युएटर प्रक्षेपणाच्या वेळी आपोआप बाजूला होण्याची सोय असल्याखेरीज त्या सॉकेटला जोडू नये. पहिल्याच हाकेला त्यातले रोधक जळून जातील.