पाच फुटी फिश टँक कोथरूडहून वाघोलीला: शिफ्टिंग सर्व्हिस कशी वाटली

काच उचलायला पाच स्टार, फिल्टरला एक, म्हणून मधले तीन दिलेत. ज्या फिश टँकच्या दुकानाने टँक हलवून दिला त्याचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, मालक माणूस चांगला आहे आणि नंतर त्याने शांतपणे ऐकूनही घेतलं, पण पुण्यात मोठा टँक हलवायचा विचार असेल तर हे वाचा आणि मगच कुणाला ॲडव्हान्स द्या.

टँक ५ बाय २ बाय २ फूट, १२ एमएम काच. आत दोन ऑस्कर मासे, सिल्व्हर डॉलर माशांची टोळी आणि एक भलामोठा सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा मासा. पाणी ५६० लिटरच्या आसपास बसतं म्हणजे वजनही तेवढेच किलो, रिकामी काचच शंभर किलोच्या पुढे, वर वाळू, दगड, लोखंडी स्टँड, सगळं धरून पाऊण टनाच्या वर जातं. पॅकर्स मूव्हर्सवाल्यांना फोन केले तर सगळ्यांचं एकच, "काचेची गॅरंटी नाही सर." एक जण तर म्हणाला थोडं पाणी ठेवूनच नेऊ, मासे काढायची कटकट नको. त्याला लांबूनच नमस्कार केला. पाणी आत असताना टँक उचलला की सगळा ताण सिलिकॉनच्या जोडांवर येतो, तिथेच नाही फुटला तर नव्या घरी महिन्याभराने हॉलभर पाणी.

म्हणून मग फिश टँकच्या दुकानवाल्यांनाच विचारलं. या दुकानाचा माणूस आधी दोन्ही घरं बघून गेला, हे मला फार आवडलं. जुनी बिल्डिंग बिनलिफ्टची, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, जिन्याचं वळण अरुंद. त्याने टेप लावून वळण मोजलं, नव्या सोसायटीत सर्व्हिस लिफ्टचं दार मोजलं, लिफ्टची आतली खोली तिरकी मोजली, मग रेट सांगितला. साडेआठ हजार, टेम्पो आणि माणसं धरून. घासाघीस केली नाही.

फक्त एका गोष्टीवर अडलो. तो म्हणे बाल्कनीत ठेवा सर, बाहेरून एकदम लुक येईल. लुक येईल हो, पण बाल्कनी पुढे लोंबत असते. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो चालता-फिरता भार धरून डिझाइन करतात, आणि आपला टँक एका चौरस मीटरपेक्षाही कमी जागेत पाऊण टन टाकतो. याचा अर्थ लगेच स्लॅब खाली येतो असा नाही, भार आजूबाजूला वाटला जातो, पण जागा बघूनच ठेवायला लागतं. बिल्डरकडचा ड्रॉइंग मागवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवला, त्याने हॉलमध्ये बीमच्या वर, भिंतीला लागून जागा दिली. शिवाय बाल्कनीतलं ऊन थेट काचेवर, म्हणजे पंधरा दिवसांत शेवाळाची हिरवी भिंत.

शिफ्टिंगचा दिवस. सहा पोरं आली आणि खरं सांगतो, बघत राहावं असं काम. आदल्या दिवशी खाणं बंद ठेवा हे त्यांनीच फोन करून आठवण करून दिलेलं, पोट रिकामं असलं की मासा प्रवासात पाणी कमी घाण करतो. पहिल्यांदा हीटरचा प्लग काढला आणि तो थंड व्हायला तसाच पाण्यात ठेवला, गरम हीटर उघडा पडला तर काच तडकते, हे पण त्यांना सांगायला लागलं नाही. टँकचं पाणी निळ्या ड्रममध्ये, डॉलर ऑक्सिजन मारलेल्या डबल पिशव्यांत, पिशव्या थर्माकोलच्या बॉक्समध्ये, ऑस्कर वेगवेगळ्या ड्रममध्ये बॅटरीचा एअर पंप लावून. सकरला मात्र त्यांनी जाळीही लावली नाही आणि पिशवीही नाही. त्याच्या कल्ल्यामागच्या पंखांचा पहिला काटा जाड आणि खरखरीत असतो, जाळीत अडकला की सोडवता सोडवता पंख फाटतो आणि पिशवी तर तो सहज फोडतो. पोराने पाण्यातच एक टब आडवा केला, हळूहळू त्याला आत ढकललं आणि वरून झाकण. माझ्याकडे बघून म्हणाला, "याने एकदा माझा हात फाडलाय काका."

मग वाळू पूर्ण उपसून गोणीत भरली, टँक रिकामा पुसून घेतला आणि सहा जणांनी खालून पट्टे घालून उचलला. वरच्या काचेच्या पट्टीला कुणी हात लावत नव्हतं, लावला की त्यांचा म्होरक्या ओरडायचा. जिन्याच्या वळणावर टँक कठड्याच्या वरून तिरका फिरवला, कठड्यावर आधीच जुन्या टायरच्या ट्यूब गुंडाळलेल्या, तिन्ही मजले असेच. खालच्या मजल्यावरच्या आजी दार उघडून बघत होत्या, त्यांनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली ती टँक टेम्पोत जाईपर्यंत.

इथपर्यंत पाच स्टार.

आता फिल्टर. माझ्याकडे दोन कॅनिस्टर आहेत, म्हणजे टँकबाहेर ठेवायचे बंद डब्याचे फिल्टर. एक मी स्वतः उघडून त्यातली सिरॅमिक रिंग आणि स्पंज टँकच्याच पाण्यात बादलीत घेतला, त्यात हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सोडला आणि बादली माझ्या गाडीत. दुसरा पोरांकडे होता, त्याचंही असंच करा म्हणून म्होरक्याला सांगितलं होतं, तो हो हो म्हणाला. मी खाली टेम्पोपाशी असताना एका पोराने बाथरूममध्ये नेऊन नळाखाली तो धुवून काढला, नुसता खळखळून नाही तर रिंग एकेक चोळून. वर आलो तर टोपलीत पांढऱ्याशुभ्र रिंग दाखवत उभा, "बघा सर, नवा केला, खूप घाण होती आत." त्या बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद की मला ओरडता पण येईना.

ती घाण नव्हती हो. टँक चालतो तो त्या तपकिरी थरावर. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया येतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि हे पाण्यात फारसे नसतात, रिंग-स्पंजवर चिकटून बसलेले असतात. कॉर्पोरेशनच्या नळाचं क्लोरीन त्यांच्यासाठी विष. बरं, धुतलं नाही पण कॅनिस्टर तसाच बंद करून दिवसभर नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये ठेवला तरी आतला ऑक्सिजन संपून बॅक्टेरिया मरायला लागतात. म्हणजे मेहनत काचेवर, आणि खरी नेण्याची गोष्ट होती ती बाथरूमच्या मोरीत.

वाघोलीत पोचल्यावर पुन्हा काम छान. स्टँडखाली लेव्हल बॉटल लावली, हॉलला एका बाजूने उतार निघाला तर पाचर स्टँडच्या पायांखाली मारली, टँक आणि स्टँडच्या मध्ये थर्माकोल शीट. अर्धा टँक भरून सगळ्या जोडांवरून टिश्यू पेपर फिरवला, कोरडा निघाला तेव्हाच पुढचं पाणी.

पण पाणी कुठलं हे कुणी विचारलंच नाही! कोथरूडला खडकवासल्याचं, मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शंभरच्या आत. इथे टँकर आणि बोअर, सहाशेच्या वर, पीएच आठला टेकलेला. म्होरक्या म्हणाला सोसायटीत सॉफ्टनर आहे ना, मग टेन्शन नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम घालतो, टीडीएस तेवढाच राहतो. आणि पीएच जितका वर तितका तोच अमोनिया जास्त विषारी, म्हणजे धुतलेला फिल्टर आणि बोअरचं पाणी ही जोडी एकत्र आली तर विचारायला नको. मी जुनं पाणी ड्रमभर जास्तीचं आणायला लावलं होतं आणि आरओचं पाणी आधी साठवलेलं, ते मिसळून भरलं. नाहीतर मासे त्या रात्रीच गेले असते असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी पाणी तपासायच्या किटवर अमोनिया दिसायला लागलाच, ०.५. एकच फिल्टर जिवंत, त्यावर सगळी टोळी. रोज थोडं थोडं पाणी बदलणं, खाणं नावापुरतं, हे बरेच दिवस चाललं. दुकानात फोन केला तर काउंटरवरचा म्हणतो हायपोचे खडे टाका. अरे हायपो क्लोरीन मारतो, अमोनियाला काय करणार तो? मालकाशी बोललो तेव्हा त्याला पटलं, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या दुकानातल्या चालू फिल्टरमधला वापरलेला स्पंज पिशवीत पाण्यासकट पाठवून दिला, पैसे घेतले नाहीत. त्याने खरंच फरक पडला. मासा एकही गेला नाही. मोठा ऑस्कर पहिले दोन दिवस तळाला आडवा पडून होता, आई म्हणे गेला रे तो, पण ऑस्करची ही जुनी खोड आहे, जागा बदलली की रुसतात आणि आडवे पडतात, खाणं दिसलं की उठतात.

आता दुकानवाले वर्षाचं मेंटेनन्स पॅकेज घ्या म्हणून मागे लागलेत, महिन्यातून एकदा येऊन "फिल्टर वॉश" धरून. काच घासायला आणि पाणी बदलायला या म्हटलं, फिल्टरच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे राहील. एकच अजून सांगतो, बुकिंग करताना गुरुवार घेऊ नका, गुरुवारी पाणी आणि लाईट दोन्हीची कामं निघतात, आणि ड्रममध्ये मासे घेऊन बसायची वेळ येते.