ऑटिझम, ‘डिटॉक्स’ आणि लघवीचा लाल रिपोर्ट

इंदूरच्या रामबागेतल्या एका मराठी कुटुंबाला ऑटिझम असलेल्या मुलाचा ‘हेवी मेटल’ (शिशासारख्या जड धातूंचा) रिपोर्ट दाखवून, हे धातू काढले की ऑटिझम बरा होतो असं सांगून एका क्लिनिकने सलाईनमधून ‘डिटॉक्स’ करायचं पॅकेज विकलं. पैसे आगाऊ घेतले, पक्कं बिल दिलं नाही. आणखी कुणी यात अडकू नये म्हणून हे लिहीत आहोत.

खरी लबाडी तपासणीतच आहे. आधी मुलाला ‘शरीर मोकळं करणारी’ कॅप्सूल दिली, मग सहा तासांची लघवी जमा करून बाहेरच्या लॅबला पाठवली. ती कॅप्सूल डीएमएसएची होती. शरीरातले धातू पकडून लघवीवाटे बाहेर काढणं हेच तिचं काम, त्यामुळे धडधाकट माणसाने घेतली तरी पुढचे काही तास लघवीत शिसं वाढलेलं दिसतं. रिपोर्टात शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा मात्र औषध न घेतलेल्या लोकांची असते. आकडे लाल येणारच!

शिशाची शंका असेल तर शिरेतून रक्त घेऊन तपासतात. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2021 पासून मुलांसाठी 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही लक्ष ठेवायची पातळी धरली आहे. औषधाने शिसं काढायचा विचार साधारण 45 पासून पुढे होतो. आणि तो उपचार शिशाच्या विषबाधेवर आहे, ऑटिझमवर नाही. 2020 मध्ये ऑटिझमशी जोडलेल्या 102 जनुकांची यादी प्रसिद्ध झाली. त्यातली बहुतेक मेंदूची घडण सुरू असतानाच, अगदी लवकर काम करू लागतात. सलाईन लावून ती घडण बदलत नाही.

धोका पैशापुरता नाही. 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियात ऑटिझम असलेला पाच वर्षांचा मुलगा डायसोडियम ईडीटीए हे धातू पकडणारं औषध शिरेतून दिल्याने दगावला. या औषधाने रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने उतरतं आणि हृदय थांबतं.

“पण दोन सेशननंतर तो नजर द्यायला लागला,” असं पालक सांगतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. ऑटिझमवर उपाय म्हणून गाजलेल्या सिक्रेटिन या संप्रेरकाच्या 1999 च्या चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी 30 टक्के मुलं सुधारलेली दिसली आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपैकी 27 टक्के. मूल वाढत असतं, स्पीच थेरपी चालू असते, आणि आशेने बघणाऱ्या आईबाबांना प्रत्येक नवा शब्द टिपावासा वाटतो. क्लिनिक हाच काळ विकतं.

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी टोचण्याचंही तसंच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने ऑटिझमसाठी ते नको, असं 2022 मध्येच सांगितलं आहे.

नमुना देण्याआधी औषधाचं नाव आणि मात्रा लेखी मागा. टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा. पैसे दिले असतील तर कॅप्सूलचं पाकीट, रिपोर्ट, यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरची आश्वासनं जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. 1915 या हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळतं.