लग्नाची स्प्रेडशीट: तेरा महिने वापरून झाल्यावर

१३ सप्टेंबरला सकाळी डेकोरेशनवाल्याचा फोन आला. "तुमची तारीख मी दुसऱ्या पार्टीला दिली." मी शीट उघडली. त्याच्या दुसऱ्या हप्त्याच्या ओळीत, 'शिल्लक दिवस' या रकान्यात ५७ आकडा होता, छान हिरव्या रंगात. अजून सत्तावन्न दिवस आहेत, हे मी त्याला आवाज चढवून सांगितलं. वर पुरावा म्हणून स्क्रीनशॉट पाठवला. दोन मिनिटांत तोच स्क्रीनशॉट परत आला. त्याने त्यातल्या 'देय तारीख ११/९/२०२५' वर लाल गोल केला होता. खाली करारनाम्याच्या पानाचा फोटो: हप्ता ११ सप्टेंबरपर्यंत न आल्यास बुकिंग रद्द. त्याखाली माझीच सही.

तारीख ११ सप्टेंबर, आज १३, आणि शीट म्हणतेय ५७ दिवस बाकी. या एका गोष्टीवर मी पुढे बरंच बोलणार आहे. कंटाळा आला तर मधले परिच्छेद गाळा, पण तारखांचा तेवढा वाचा.

लग्न ताईचं. 'त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं' या एका कारणावरून नियोजन माझ्या गळ्यात पडलं. प्लॅनर ठेवायचा नाही हे मीच ठरवलं होतं. पैसे देऊन घ्यायचं एक ॲपही पाहिलं होतं. पण शीट फुकट असताना ॲपला कशाला पैसे मोजायचे? जानेवारी २०२५ मध्ये नेटवरून एक तयार टेम्प्लेट उतरवलं, रंग बदलले, घरातल्या सात जणांना एडिट करायची परवानगी दिली. बाबांनी परवानगी घेतली नाही. त्यांनी कपाटातली जुनी दोनशे पानी वही काढली. मी हसलो होतो, हे इथे कबूल करून टाकतो.

पहिले सहा महिने मी या शीटचा भक्त होतो आणि ते उगाच नव्हतं. कोटेशनं कशी येतात ते लग्न केलेल्या कुणालाही माहीत आहे. एकाचं एका ओळीत, दुसऱ्याचं चार पानांत, तिसरा फोनवर म्हणतो, "आपण बसून बोलू." सगळ्यांचे शेवटचे आकडे एकाखाली एक लिहिले की स्वस्त कोण ते लगेच दिसतं, आणि तिथेच माणूस फसतो. मी आकड्याच्या आधी रकाने केले: किती तास, किती माणसं, वाहतूक आत की बाहेर, कर आत की बाहेर, जादा तासाचा दर, मांडायला किती वेळ, काढायला किती वेळ, रद्द केलं तर किती परत, आणि प्रत्यक्षात येणार कोण. कोटेशनमध्ये नसलेला प्रत्येक रकाना रिकामा ठेवायचा आणि फोन करून तेवढंच विचारायचं. सगळ्यात स्वस्त फोटोग्राफरचे सात रकाने रिकामे होते. ते भरून झाल्यावर तो तिसऱ्या नंबरवर गेला.

'प्रत्यक्षात येणार कोण' हा रकाना सगळ्यांनी ठेवाच. ज्याचं काम बघून आपण भाळतो तो माणूस त्या दिवशी दुसऱ्याच लग्नात असतो आणि आपल्याकडे त्याचा सहायक येतो. नाव करारात लिहून घ्यायचं. फोटोग्राफरकडे निवडक तीस फोटो बघून काही कळत नाही, कुठल्याही एका लग्नाचे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो मागायचे, शक्यतो कमी उजेडातल्या हॉलमधले. कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो जातात का, हेही विचारायचं. कार्ड एकच असेल आणि ते बिघडलं तर तो क्षण काही पुन्हा घडवता येत नाही. हा प्रश्न विचारल्यावर एकजण चिडला. त्याची ओळ मी तिथेच राखाडी केली.

शीटने खरं चकित केलं ते वेळापत्रकात. हॉलच्या करारात आत शिरायची वेळ सकाळी सहाची. डेकोरेशनवाल्याच्या (हो, तोच) 'मांडायला किती वेळ' मध्ये सहा तास. साउंडवाल्याला स्टेज उभं राहिल्याशिवाय वायरी टाकता येत नाहीत, त्याला दोन तास. पाहुणे अकराला. हे सगळं तीन वेगवेगळ्या कागदांवर महिनाभर पडून होतं आणि कुणालाच खटकलं नव्हतं. वेळेनुसार सॉर्ट मारलं आणि दिसलं की साउंड चेक दुपारी दोनला संपतोय. हॉलवाल्याकडून आदल्या रात्रीची वेळ मागून घेतली. पाच महिने आधी मागितली म्हणून जादा पैसे न देता मिळाली. ऐन वेळी मागितली असती तर त्याने काय केलं असतं ते मला माहीत आहे, कारण जादा तासाचा दरही रकान्यात होता.

एवढं कौतुक पुरे.

जुलैमध्ये पहिला इशारा मिळाला होता. पाहुण्यांच्या यादीत 'किती जण' या रकान्याची बेरीज ३१२ च्या आसपास होती. एका रविवारी ती ४६,०३२ झाली. घरात हशा. ताई म्हणाली, स्टेडियम बघ. शोधल्यावर सापडलं: आत्याने एका कुटुंबापुढे '३-४' लिहिलं होतं, म्हणजे तीन किंवा चार जण येतील. शीटला ती तारीख वाटली. आणि शीटच्या पोटात तारीख म्हणजे नुसता आकडा असतो, १९०० सालाच्या आसपासपासून मोजलेले दिवस. माझ्या बेरजेत ४५,७२० पाहुणे वाढले होते. मी '३-४' खोडून ४ लिहिलं आणि हसत पुढे गेलो.

तिथे थांबायला हवं होतं. कारण ४५,७२० हा आकडा ३ एप्रिल २०२५ चा नाही, ४ मार्चचा आहे. म्हणजे शीट आधी महिना वाचत होती, मग दिवस. उतरवलेलं टेम्प्लेट महिना आधी लिहिणाऱ्या देशातलं होतं आणि ते सेटिंग फाइलसोबत आलं होतं. हे सेटिंग तुमच्या फोनचं नसतं, फाइलचं असतं. त्यामुळे सातही जणांना तीच शीट तशीच चुकीची दिसते आणि कुणालाच काही वेगळं वाटत नाही.

आता ११/९/२०२५ घ्या. मी लिहिलं ११ सप्टेंबर म्हणून, शीटने घेतलं ९ नोव्हेंबर. पण दाखवताना ती ११/९/२०२५ असंच दाखवते! म्हणजे डोळ्याला बरोबर आणि हिशेबाला चूक. चूक दिसली असती तर मी दुरुस्त केली असती, ही दिसतच नाही. १३ सप्टेंबरपासून ९ नोव्हेंबरपर्यंत मोजा, बरोबर ५७ दिवस येतात. शीटचं गणित बिनचूक होतं, हे तर जास्तच चीड आणणारं.

आणि २५/९/२०२५ लिहिलं तर? पंचविसावा महिना नसतो, म्हणून शीट ती तारीखच मानत नाही, साधा मजकूर म्हणून ठेवते. तुमच्या शीटमध्ये हे आहे का ते ओळखायची खूण सांगतो: खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या कडेला. रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसत असतील, तर उजवीकडच्यांवर विश्वास ठेवू नका, आधी त्याच तपासा. माझ्या शीटमध्ये हे फेब्रुवारीपासून समोर होतं. मला वाटलं अलाइनमेंट बिघडलीय, म्हणून मी सगळा रकाना मधोमध आणला. डावीकडच्यांपुढे 'शिल्लक दिवस' मध्ये एरर येत होती, ती दिसायला वाईट दिसते म्हणून सूत्राला इफएरर लावून तिथे रिकामी जागा दाखवली. म्हणजे शीट दोन ठिकाणी ओरडून सांगत होती आणि दोन्ही ठिकाणी मी तिचं तोंड बंद केलं. हे लिहिताना अजून कान गरम होतात.

यात मी एकटाच नाही, एवढंच समाधान. मार्च१, सेप्ट१ अशी नावं असलेली माणसाची जनुकं होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावं ठेवण्याचे नियमच सुधारले आणि ती जनुकं मार्चएफ१, सेप्टिन१ झाली. शास्त्रज्ञांनी जनुकांची नावं बदलली, सॉफ्टवेअर तेव्हा आपल्या जागी राहिलं; हे आपोआप बदलणं बंद करायची सोय एक्सेलने २०२३ मध्ये दिली.

उपाय करायला गेलो तर त्यातही मेख. फाइलचं सेटिंग बदलून आपला देश निवडला की सुटलो असं वाटतं. सुटत नाही. आधीच उलट्या घेतलेल्या तारखा पोटात उलट्याच राहतात, आता त्या नुसत्या खऱ्या रूपात दिसतात: ११/९ चं ९/११ झालं. एका अर्थी बरंच, निदान चूक दिसू लागली. एकेक ओळ करारनाम्याशी ताडून हाताने दुरुस्त केली. एकूण १९ तारखा उलट्या निघाल्या. त्यातल्या बहुतेक नुसत्या लवकर झाल्या होत्या, त्यांचं नुकसान काही नाही. दिवसाचा आकडा महिन्याच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तरच तारीख पुढे ढकलली जाते, आणि दिवस बारापर्यंतचा असेल तरच ती उलटते. तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या मुदती आधी बघा. मी आता वर्ष-महिना-दिवस असंच लिहितो, २०२५-०९-११. आयएसओ ८६०१ नावाचं मानक यासाठीच १९८८ पासून आहे. करारात मात्र महिना अक्षरांत लिहून घ्या, आकड्यांत नको.

डेकोरेशनवाल्याबद्दल तेव्हा मी घरात जे बोललो ते मागे घेतो. मुदत त्याने लिहून दिली होती, सही माझी होती आणि आठवण करून देणं त्याच्या करारात नव्हतं. (एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं, हे मात्र मला अजूनही वाटतं.) पुढच्या माणसाने कमी दिवस बघून जास्त दर लावला. तो फरक आणि मी नाकारलेल्या ॲपची वर्षाची फी यांची तुलना मी एकदा शीटमध्ये केली आणि ती ओळ लपवली.

बाबांच्या वहीत काय होतं? आठव्या पानावर, निळ्या शाईत, 'डेकोरेशन दुसरा हप्ता ११ सप्टें.' खाली दोन रेघा. त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो होतो, शीटमध्ये हिरवं आहे.

तरी शीट टाकून दिली नाही. भांडणं मिटवायला ती वहीपेक्षा भारी आहे. मामांनी पाहुण्यांचा एक अख्खा गट काढून टाकला आणि 'मी हातही लावला नाही' म्हणाले, तेव्हा बदलांच्या इतिहासात रात्री ११:४० ला त्यांचं नाव सापडलं. त्यानंतर रकाने लॉक केले. प्रत्येकाला त्याच्यापुरता भाग उघडा आणि 'किती जण' मध्ये फक्त पूर्णांक चालेल अशी अट. हे पहिल्या दिवशीच करायचं असतं. फोन नंबरांचा रकाना आधीच 'साधा मजकूर' करून ठेवा, नाहीतर सुरुवातीचं शून्य आणि अधिकचं चिन्ह गळून पडतं आणि ऐन वेळी नंबर लागत नाही.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या तळमजल्यावर नेटवर्क नव्हतं. वेळापत्रक आणि फोन नंबर अशी दोन पानं आदल्या दिवशी छापली होती, सहा प्रती, तीच दिवसभर कामाला आली. साउंडवाल्याने आपली प्रत खिशात घडी करून ठेवली आणि जाताना परत मागून घेतली, म्हणजे उपयोगी असावी.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण तारखेचा कापला, एक माझा मी.

शीट अजून चालू आहे, कारण एक ओळ उरलीय. अल्बम, देय तारीख २०२६-०१-१५. आज २२ फेब्रुवारी, शिल्लक दिवस उणे ३८, लाल. फोटोग्राफर दर सोमवारी म्हणतो, "या आठवड्यात." करार करताना शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावर, असं लिहून घेतलं होतं. तो हप्ता माझ्याकडेच आहे.