ला बेला ७६०एफएस फ्लॅटवाउंड: पिकअप बदलायच्या आधी या तारा लावून बघा, पण सेटअपसकट

पी-बेसचा, म्हणजे फेंडरच्या प्रिसिजन बेस गिटारचा, आवाज पातळ वाटतोय, कुठला पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमधे बदलणारा चुंबकाचा भाग) टाकू, हा प्रश्न बेसवाल्यांच्या गप्पांत सारखा निघतो आणि माझं उत्तर दर वेळी तेच असतं, सोल्डरिंगचं सामान बाजूला ठेवा आणि आधी तारा बदला. माझ्या साध्या पॅसिव्ह (बॅटरीवरचं सर्किट नसलेल्या) पी-बेसवर ला बेलाच्या डीप टॉकिन बेस ७६०एफएस या फ्लॅटवाउंड तारा आहेत. त्या लावल्या, मग बेसचा सेटअप, म्हणजे नेकचा बाक, तारांची उंची आणि सूर यांची जुळणी, पहिल्यापासून नीट केला आणि पिकअप बदलायचा विचार आपोआप मागे पडला. त्यामुळे रिव्ह्यू तारांचा असला तरी अर्ध्याहून जास्त बोलणं सेटअपबद्दल होणार आहे, कारण सेटअप न करता फ्लॅट लावायच्या आणि मग म्हणायचं की कडक आहेत, मेलेला आवाज येतो, हे मला अजिबात पटत नाही.

ज्यांनी फ्लॅट कधी वापरल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. राउंडवाउंडमधे आतल्या तारेवर गोल वायर गुंडाळलेली असते, फ्लॅटमधे चपटी पट्टी असते. बोटाखाली गुळगुळीत लागतात, हात सरकवताना तो खरखर आवाज येत नाही, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कमी झिजतात. फेंडरने १९५१ मधे पी-बेस आणला तेव्हा त्यावर फ्लॅटच असायच्या, राउंडवाउंड बेसवर नंतर साठच्या दशकात रुजल्या. आणि मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन याचं नाव घेतल्याशिवाय ला बेलाबद्दल बोलताच येत नाही, मोटाउनच्या रेकॉर्डिंगमधे ऐकू येणारा तो गोल, जाड, तरीही एकेक स्वर सुटा ऐकू येणारा बेस म्हणजे १९६२ चा पी-बेस, त्यावर ला बेलाच्या जाड फ्लॅट आणि उजव्या हाताचं एकच बोट. त्या जाडीचा सेट आजही मिळतो, ५२ ते ११० (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), पण पहिल्यांदा फ्लॅट घेणाऱ्याने तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ताण प्रचंड, आणि ११० ची तार नटच्या (नेकच्या टोकाची तारा बसवायची पट्टी) नेहमीच्या खाचेत बसत नाही, खाच घासावी लागते, एकदा घासली की परत बारीक तारांवर यायचं तर नटच बदलायची वेळ येऊ शकते. ७६०एफएस मात्र ४५-६५-८५-१०५ आहे, म्हणजे बहुतेक बेसवर जी जाडी असते तीच, नटला हात लावायची गरज सहसा पडत नाही.

आता आवाज. नव्या असताना या तारा अपेक्षेपेक्षा बऱ्याच उजळ वाजतात, आणि बोटाला थोड्या चिकटही लागतात, ते दोन्ही वाजवत गेलं की जातं. काही आठवड्यांनी वरचा चकचकीतपणा उतरतो आणि खरा आवाज पुढे येतो. खालच्या ई चा मूळ सूर साधारण ४१ हर्ट्झचा, लहान स्पीकरवर तो जवळजवळ ऐकूच येत नाही, आपल्याला स्वर ओळखू येतो तो वरच्या ओव्हरटोनमुळे, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणाऱ्या वरच्या सुरांमुळे. राउंडवाउंडमधे हे ओव्हरटोन खूप वरपर्यंत जातात, तिथे ते सिम्बल आणि गिटारशी भांडतात. फ्लॅटमधे अगदी वरचे कमी होतात आणि खालचे दोन-चार जोरात राहतात, म्हणून एकट्याने घरात वाजवताना आवाज दबलेला वाटतो पण ड्रम आणि गिटार सुरू झाले की तोच बेस गाण्याच्या मधोमध ठाण मांडून बसतो. आस थोडी कमी असते, स्वर लागतो, फुलतो आणि बाजूला होतो, किक ड्रमबरोबर हे फार सुंदर जमतं. आणि फ्लॅट म्हणजे फक्त जुनी मऊ गाणी हा समज तर सोडूनच द्या, आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस इतकी वर्षं फ्लॅटवरच वाजवतोय, तो आवाज कुणी मऊ म्हणेल का?

तर सेटअप. जाडी तीच असली तरी फ्लॅटमधे धातू जास्त भरलेला असतो, त्यामुळे त्याच ट्यूनिंगला ताण वाढतो आणि नेक पुढे ओढली जाते. तारा लावून ट्यून करा, एक रात्र तशीच ठेवा आणि मग रिलीफ, म्हणजे नेकचा पुढचा हलका बाक, बघा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटच्या मधे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवायचा. साडेनऊ इंच त्रिज्येचा किंवा त्याहून चपटा फिंगरबोर्ड असेल तर ०.३ मिलिमीटर ही चांगली सुरुवात आहे. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करणारी सळई) घड्याळाच्या दिशेने, एका वेळी पाव फेरा, परत ट्यून, परत मोजा. घाई नको, लाकूड जागेवर यायला वेळ घेतं. रॉड फिरायलाच तयार नसेल तर जोर लावू नका, जाणकार माणसाकडे न्या. जुन्या पद्धतीच्या काही बेसवर रॉड फिरवायचा नट नेकच्या बॉडीकडच्या टोकाला असतो आणि त्यासाठी नेक सैल करावी लागते, ते काम निवांत वेळेला ठेवा.

फ्लॅटचा एक मोठा फायदा इथे कळतो. ताण जास्त म्हणजे तार वाजताना कमी हेलकावे घेते, म्हणून अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) राउंडवाउंडपेक्षा थोडी खाली घेता येते आणि फ्रेटवर थडथड होत नाही. सतराव्या फ्रेटवर ई खाली २.४ आणि जी खाली २ मिलिमीटर हा फेंडरचा नेहमीचा हिशोब आहे, मी त्याच्याही जरा खाली आहे आणि हात दुखत नाही. कडक तारा कडक वाटतात याचं निम्मं कारण अ‍ॅक्शन उंच असणं हेच असतं, ज्या मित्रांनी माझा बेस हातात घेतलाय त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो की या नक्की फ्लॅट आहेत ना.

इन्टोनेशनच्या (सगळ्या फ्रेटवर सूर नेमका जुळवण्याच्या) आधी एक गोष्ट बहुतेक लोक करत नाहीत, सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) अगदी पुढे तार अंगठ्याने हलकी दाबायची, नटच्या पुढेही तसंच. जाड फ्लॅट सॅडलवरून सरळ उतरत नाही, कमान करून उतरते, आणि ती कमान आहे तोवर ट्यूनर कितीही भारी असला तरी बाराव्या फ्रेटचं गणित जुळत नाही. दाबून झालं की बारावा फ्रेट दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) जुळवा, दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरला असेल तर पुढे, आणि सॅडल हलवताना तार सैल करा. माझ्या ई चा सॅडल आधीपेक्षा बराच मागे गेला, जाडी तीच असूनही. तारा बॉडीतून ओवायच्या की ब्रिजमधूनच, असे दोन्ही पर्याय तुमच्या बेसवर असतील तर फ्लॅटसाठी ब्रिजमधूनच ओवा, बॉडीतून येताना जो काटकोनी वाक पडतो तो या तारांना सोसत नाही. आणि ट्यूनरसाठी तार कापायच्या आधी ती कापायच्या जागेच्या अलीकडे वाकवून घ्या म्हणजे वरचं वेटोळं सुटत नाही.

पिकअप बदलायचा नसला तरी त्याची उंची मात्र जरूर बघा. हे फुकटचं मॉडिफिकेशन आहे आणि कुणी करत नाही! पी-बेसच्या पिकअपचे दोन तुकडे वेगवेगळे वरखाली होतात. फ्लॅटवर डी आणि जी थोड्या मागे पडल्यासारख्या वाटतात, म्हणून तो तुकडा एखाद्या फेऱ्याने वर आणि ई-ए चा तेवढाच खाली, मग चारही तारांवर एकच ओळ वाजवून कानाने ठरवा. फार वर नेऊ नका, चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर हलतो.

टोन नॉबबद्दल थोडं. पी-बेसमधे साधारण २५० किलोओमचे पॉट (नॉबखालचे बदलते रेझिस्टर) आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कॅप (कपॅसिटर) असतो, नॉब पूर्ण उघडा असताना कॅपच्या किमतीने फारसा फरक पडत नाही पण बंद करत आणलं की पडतो, आणि फ्लॅटवर ०.०४७ पूर्ण बंद म्हणजे नुसता घुमारा उरतो. तिथे ०.०२२ टाकला तर बंद असतानाही स्वराला कडा राहते. सोल्डरिंग करायचंच असेल तर दोन टाक्यांचं हे काम करा, पिकअपच्या आधी. ब्रिजपाशी तारांखाली फोमचा तुकडा सरकवणं हे तर त्याहून सोपं, आस अजून कमी होते आणि जुन्या रेकॉर्डमधला तो ठोक्यासारखा स्वर मिळतो, फोम मऊच घ्या, कडक असेल तर सूर चढतो.

कुणी घेऊ नयेत? स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून आणि बोटाने पॉप करून, म्हणजे खेचून सोडून वाजवणं) हेच मुख्य काम असेल तर नको, अंगठ्याचा ठणका आणि पॉपची चमक राउंडवाउंडवरच येते. बोटांनी तार खूप खेचून वाजवणाऱ्यांनाही जड जाईल. बाकी या वर्षानुवर्षं चालतात, वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसल्या की पुरे, आणि जुन्या होतात तशा मला जास्त आवडत जातात. पण बेस विकत घेतल्यापासूनच ट्रस रॉड जवळजवळ पूर्ण आवळलेला असेल तर एवढा ताण त्या नेकवर चढवू नका, तिथे टॉमास्टिक-इन्फेल्डच्या जॅझ फ्लॅट घ्या, ४३-५६-७०-१००, ताण खूपच कमी, आवाज थोडा उघडा आणि तार बोटाखाली लवते. फक्त त्या लावल्यावर नेक उलट्या दिशेने सरळ होईल, तेव्हा रॉड सोडत आणावा लागेल, आणि सैल तारा जास्त हलतात म्हणून अ‍ॅक्शनही थोडी वर घ्यावी लागेल.